आज पाणी कुठवर?

काउंटरवरच्या मुलीनं अपॉइंटमेंटची वही माझ्याकडे फिरवली आणि एका ओळीवर पेन्सिल टेकवली. "९ सप्टेंबर, मंगळवार, संध्याकाळी साडेपाच. त्याआधी मॅडमकडे जागाच नाही हो, ताई." मागच्या कॅलेंडरवर जुलैचं पान होतं. बावीस तारीख. मी बोटांवर मोजलं. सात आठवडे.

बाहेर येऊन मी पायरीवर बसले. पाऊस भुरभुरत होता. या पायरीपर्यंत यायलाच मला आठ महिने लागले होते. ते सगळे दिवस मी "उद्यापासून नीट होईल" म्हणत काढले, आणि आता स्वतःहून हात पुढे केला तर समोरून सात आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. त्या क्षणी मला रडूही आलं नाही. फक्त घरी जाईपर्यंत बस कुठून कशी गेली ते आठवत नाही.

आधी थोडं मागचं सांगते. मी नाशिकमध्ये एका पतसंस्थेत कॅशवर बसते. एकोणीस वर्षं. गेल्या डिसेंबरात शंभराच्या नोटांचं बंडल मोजताना मध्येच हात थांबला. छातीत धडधड, तळहात ओले, काचेपलीकडच्या माणसाचे ओठ हलताना दिसतायत पण शब्द पोचत नाहीत. मला वाटलं, हार्ट ॲटॅक. ईसीजी झाला, टू-डी एको झाली, थायरॉईड, बी-ट्वेल्व्ह, हिमोग्लोबिन, सगळं झालं. आमचे फॅमिली डॉक्टर रिपोर्ट चाळून म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. पण तुम्ही ठणठणीत नाही, हेही मला दिसतंय." त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांच्या नावाची चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी पर्समध्ये घडी पडून पडून फाटायला आली, तेव्हा कुठे मी गेले.

मानसोपचारतज्ज्ञांनी गोळी सुरू केली. अर्धी, मग एक. म्हणाले, "हिचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. पहिल्या आठवड्यात मळमळेल, तेवढ्यावरून सोडू नका. आणि गोळीच्या जोडीला बोलून करायचा उपचार हवा, तो क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडम करतील." या दोन डॉक्टरांतला फरक मला तोवर ठाऊक नव्हता. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे शिकलेले, औषध लिहून देणारे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्रातून आलेल्या, त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, आणि त्या औषध लिहून देत नाहीत. आठवड्यातून एकदा पाऊण-एक तास एका माणसाबरोबर बसायचं, तेही महिनोन् महिने, म्हणजे एका मॅडमच्या वहीत माणसं मावणार तरी किती?

त्या रात्री यांनी मोबाइलवर शोधून मला वाचून दाखवलं. बंगळुरूच्या निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं होतं. शंभरातल्या दहा-अकरा प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक त्रास होता, आणि नैराश्य, चिंता अशा नेहमीच्या आजारांत पाचांतल्या चौघांहून जास्त लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. आपल्या देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा भरत नाही. हे ऐकून माझं दुःख कमी झालं नाही, पण काउंटरवरच्या त्या मुलीवरचा राग गेला. तिच्या वहीत जागा नव्हती, कारण जागा नाहीच आहे. दुसऱ्या दिवशी मी तिला फोन करून म्हटलं, "मधे कुणी रद्द केलं तर मला कळवाल का? मी अर्ध्या तासात पोचेन." तिनं नाव लिहून घेतलं. तसा फोन काही आला नाही, पण विचारल्यामुळे मला आपण नुसतेच बसून नाही असं वाटलं. वाट बघणाऱ्या प्रत्येकानं हे विचारावं, त्यात संकोच कसला?

पहिला आठवडा वाईट गेला. रात्री दोनला उठायचे, मोबाइल घ्यायचे, लक्षणं शोधायचे. एका पानावरून दुसऱ्या पानावर जाता जाता पहाटेपर्यंत मला पाच नवे आजार झालेले असायचे. "तीन दिवसांत चिंतामुक्ती" असली शिबिरंही तिथेच भेटली. एकाचे पैसे भरायला बोट पुढे गेलंही होतं. आज मला त्या रात्रीची काळजी वाटते, कारण थांबायला सांगितलेलं माणूस हाताला येईल ते धरतं, आणि ते ओळखून दुकान मांडणारे पुष्कळ आहेत.

त्या रविवारी हे म्हणाले, "चल, पूर बघून येऊ." नाशिककरांना हे सांगावं लागत नाही. गंगेला पाणी आलं की अख्खं गाव पुलावर. आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. होळकर पुलावर स्कूटर लावायला जागा नव्हती. मुलांना खांद्यावर घेतलेले बाप, कणसंवाले, छत्र्या. आणि खाली मातकट पाण्यात उभा दुतोंड्या मारुती.

बाहेरच्यांसाठी सांगते. रामकुंडाजवळ, नदीच्या पात्रातच, ही मारुतीची उंच मूर्ती आहे, दोन्ही बाजूंना तोंड असलेली. नाशकात पूर मोजायचा तो तिच्यावर. माझं माहेर पंचवटीतलं. लहानपणी अण्णा संध्याकाळी चप्पल काढता काढता सांगायचे, "गुडघ्यापर्यंत आलंय," किंवा "कमरेला लागलं." कमरेपर्यंत म्हणजे काळजी नाही. छातीपर्यंत आलं की भांडीबाजार आणि सराफ बाजारातले लोक माल वर चढवायला लागायचे. आणि सगळ्यात शेवटचं माप नारोशंकराच्या घंटेचं. नारोशंकराचं देऊळ १७४७ सालचं, काठावरच. पोर्तुगीजांवरच्या विजयाची खूण म्हणून तिथे एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. घंटेला पाणी लागलं म्हणजे महापूर. १९६९ च्या पुराच्या गोष्टी आजी सांगायची तेव्हा या घंटेपाशी येऊन तिचा आवाज खाली जायचा.

त्या रविवारी पाणी मारुतीच्या कमरेच्या वर होतं. आणि ऊन पडलं होतं. चांगलं लख्ख, श्रावणातलं. शेजारच्या पोरानं वडिलांना विचारलं, "पाऊस नाही तर पाणी कुठून आलं?" ते म्हणाले, "रात्री त्र्यंबककडे कोसळलाय ना. गंगापूर धरणातून सोडलंय, ते आता पोचलं इथे."

मी घरी येईपर्यंत तेच वाक्य घोळवत होते. कॅशवर बसल्या बसल्या, काहीही झालेलं नसताना, मंगळवारी सकाळी अकराला छातीत धडधड का सुरू होते, याचं उत्तर मी मंगळवारी सकाळी अकरामध्येच शोधत होते. पाऊस दुसरीकडे पडून गेलेला असतो.

डॉक्टरांकडे पहिल्या दिवशी एक फॉर्म भरून घेतला होता, पीएचक्यू-नाइन नावाचा. गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, उत्साह, एकाग्रता यांचा त्रास किती दिवस झाला, असे नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. डॉक्टरांना त्यातून बरंच कळत असणार, मला मात्र माझी बेरीज परक्याच्या मार्कशीटसारखी वाटली. त्या रविवारी रात्री मी जुन्या डायरीच्या मागच्या पानावर तारीख घातली आणि पुढे लिहिलं, "छाती". दुसऱ्या दिवशी, "कंबर". तिसऱ्या दिवशी, "कंबर, रात्री छाती".

ताईला सांगितलं तेव्हा ती फोनवर गप्प झाली. ताई सिन्नरला असते. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, त्याच घरात, त्याच अण्णांच्या चपला वाजताना ऐकलेली. मग म्हणाली, "मी रोज रात्री साडेआठला फोन करीन. दुसरं काही विचारणार नाही. आज पाणी कुठवर, एवढंच." आणि तिनं तसंच केलं. "कसं वाटतंय?" या प्रश्नाला मला उत्तर देता यायचं नाही; त्यात "बरं" म्हणावंच लागतं. "पाणी कुठवर?" याला खोटं बोलता येत नाही. "कंबर" म्हटलं की ती "बरं, झोप आता" म्हणायची. "छाती" म्हटलं की थोडा वेळ फोन चालू ठेवायची, बोलायची नाही. तिच्या स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज मला इकडे ऐकू यायचा. घंटेचंही आम्ही ठरवून ठेवलं होतं. तो शब्द आला की प्रश्न विचारायचे नाहीत, हलायचं.

दोन आठवडे नोंदी झाल्यावर डायरी मला काहीतरी सांगायला लागली. शनिवारी जागरण झालं की सोमवारी छाती. जेवण टाळलं त्या दुपारी चहावर चहा, आणि त्या रात्री झोप नाही. सासऱ्यांचं वर्षश्राद्ध जवळ आलं तसे चार दिवस सलग चढत गेले. मी त्याचा विचारही केला नव्हता, निदान मला तसं वाटत होतं. मग मी एकेक धरण बघायला लागले. चहा चारनंतर बंद. उठायची वेळ सहा, रात्र कशीही गेली तरी सहाच. अंथरुणात तळमळत पडायचं नाही, वीस-पंचवीस मिनिटांत झोप आली नाही तर उठून पुढच्या खोलीत बसायचं, मंद दिव्यात, मोबाइल न घेता. आमचा मोबाइल रात्री दहापासून मुलाच्या दप्तरात. दहावीतल्या मुलानं स्वतःहून ती जबाबदारी घेतली आणि इमानेइतबारे पाळली.

काळजीसाठी मी वेळ ठरवली. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण ही जुनी रीत आहे. अमेरिकेतल्या थॉमस बोर्कोवेक यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तपासून पाहिलेली. रोज ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी अर्धा तास फक्त काळजी करायची. एरवी मनात आली की तिला "साडेसहाला ये" म्हणून पुढे ढकलायचं. मी गॅलरीत तुळशीजवळ स्टूल ठेवलं. पहिले काही दिवस काळजी कसली ऐकते! पण तिसऱ्या आठवड्यात असं झालं की साडेसहाला स्टूलवर बसले आणि सकाळपासून साठवलेल्या सातांतल्या तीन काळज्या आठवेनात. मी त्या आठवायचा प्रयत्नही केला.

आणि लसूण. हे कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंना मी सगळं सांगितलं होतं, सुरुवातीला त्या म्हणाल्या होत्या, "कुणाची नजर लागली का बघू या." मी म्हटलं, "आई, बघा तुम्ही, पण गोळीही घेऊ द्या." त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पाटीभर लसूण आणून माझ्यापुढे ठेवला. गावरान, बारीक पाकळ्यांचा, सोलायला कटकटीचा. आम्ही दोघी जमिनीवर, मधे पाटी. गड्डा तळहातानं दाबून फोडायचा, पाकळीचं बूड नखानं खुडायचं, पापुद्रा अंगठ्यानं मागे सारायचा. ओला असला तर तो बोटाला चिकटतो, मग बोट पदराला पुसायचं. नखांच्या कडा चुरचुरायला लागतात. चाळिसेक पाकळ्या झाल्या असतील, तेव्हा माझं लक्ष गेलं की माझा हात थरथरत नाहीये. सासूबाईंचं लक्ष माझ्या आधी गेलं होतं. त्या म्हणाल्या, "उद्या कोथिंबीर निवडू." उत्साह येईल तेव्हा काम करू म्हणून बसलं तर तो येत नाही, काम हातात घेतलं की मागून थोडासा येतो; हे पुढे मॅडमनी मला शास्त्र म्हणून समजावलं. सासूबाईंनी ते लसणावर आधीच शिकवून ठेवलं होतं.

ऑफिसात मी फक्त आमच्या साहेबांना सांगितलं. "डॉक्टरांचे उपचार चालू आहेत, दोन महिने मला कॅशवरून काढून मागच्या टेबलावर बसवाल का?" आजाराचं नाव त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. सगळ्यांना सगळं सांगायलाच हवं असं मला वाटत नाही. पण एकालाही न सांगता ही सात आठवडे काढायची वेळ कुणावर येऊ नये, असं मात्र फार वाटतं.

आता ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातली बुधवारची रात्र.

तीन दिवस डायरीत "गळा" होतं. गोळी वाढवून चार दिवस झाले होते, घरात सगळे झोपले होते, आणि मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला उठले. ओट्यापाशी उभी असताना मनात एक वाक्य आलं. अगदी शांतपणे आलं, त्याचीच भीती वाटली. आपण नसलो तर या सगळ्यांचं ओझं उतरेल. आधीही असे विचार लांबून जायचे, पण हा आत येऊन बसला. मी मोबाइल शोधला; दप्तरातून काढताना चेन वाजली, मुलगा कुशीवर वळला. साडेबारा वाजले होते. ताईनं दुसऱ्या रिंगला उचलला. मी म्हटलं, "ताई, घंटा."

ती एवढंच म्हणाली, "जागेवरून हलू नकोस. त्यांना हाक मार. फोन ठेवायचा नाही." हे उठून आले. काही न बोलता माझ्याशेजारी फरशीवर बसले. मग ताईच्या सांगण्यावरून यांच्या फोनवरून आम्ही १४४१६ लावला. हा टेली-मानसचा नंबर, केंद्र सरकारची सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली. चोवीस तास, मोफत, मराठीतून बोलता येतं. तिकडच्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग सरळ विचारलं, "जीव संपवावा असं मनात येतंय का? काही ठरवलंय का?" इतक्या स्पष्टपणे कुणी विचारलं नव्हतं. विचारल्यानं असले विचार वाढतात असं लोक समजतात. तसं होत नाही. माझ्या तर खांद्यांवरचं काहीतरी खाली ठेवलं गेलं. मी म्हटलं, "येतंय. ठरवलं काही नाही. पण भीती वाटतेय." त्यांनी घरात कोण आहे विचारलं, औषधं कुणाकडे आहेत विचारलं, आजची रात्र एकटीनं झोपायचं नाही म्हणाल्या, आणि सकाळी डॉक्टरांना कळवायचं कबूल करून घेतलं. सासूबाई कधी उठून दारात उभ्या राहिल्या ते कळलंही नाही. त्यांनी माझ्या गोळ्यांचा डबा उचलला आणि आपल्या कपाटात ठेवला. पुढचा महिनाभर रोज रात्री त्या एक गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन यायच्या.

सकाळी नऊला हॉस्पिटलात फोन केला. "त्रास वाढलाय, रात्री असं असं झालं," हे जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टरांनी त्याच दिवशी बोलावलं, गोळी बदलली, आठवड्यानं पुन्हा या म्हणाले. हे मी मुद्दाम लिहितेय. तारीख मिळाली म्हणजे तोवर तोंड मिटून बसायचं असतं, असं मी धरून चालले होते. मधे त्रास वाढला तर कळवायचं असतं. कळवलं की बऱ्याचदा वाट निघते.

त्यानंतर पाणी हळूहळू उतरलं. एकदम नाही; छाती, कंबर, परत छाती, कंबर, कंबर. गणपतीत ढोलांच्या आवाजानं दोन रात्री गेल्या, पण मोदक मी केले, एकवीसच्या एकवीस. सप्टेंबर लागला तेव्हा डायरीत सलग चार दिवस "गुडघा" होतं. आणि मग मला ते वाटायला लागलं, जे वाटेल असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं: आता बरं आहे, कशाला जायचं? एका वेळेचे पैसे, सुट्टी, पुन्हा सगळं उकरून सांगायचं. ४ तारखेला मी ताईला म्हटलं, "तारीख रद्द करू का? कुणा गरजूला मिळेल."

ताई म्हणाली, "पाणी उतरल्यावर भांडीबाजारात काय करतात, आठवतंय ना?"

आठवत होतं. अण्णांच्या मित्राचं दुकान होतं तिथे. पूर असेपर्यंत काहीच करता यायचं नाही, नुसतं माळ्यावर बसून बघायचं. पाणी गेल्यावर मात्र आम्ही पोरंसुद्धा घमेली घेऊन जायचो. दुकानात घोट्यापर्यंत गाळ. पितळेच्या प्रत्येक पातेल्यात, प्रत्येक तांब्यात तो बसलेला. वाळला की दगड होतो, म्हणून ओला असतानाच काढायचा.

९ तारखेला मी पाच वाजताच पोचले. काउंटरवरच्या त्या मुलीनं ओळखलं, "आलात ताई" म्हणाली. पायरी तीच होती, या वेळी कोरडी. साडेपाचला मॅडमनी आत बोलावलं. माझ्याहून बऱ्याच लहान, सुती साडी, टेबलावर घड्याळ आणि पाण्याचा पेला. कुठून सुरू करायचं ते मी सात आठवडे ठरवत होते आणि तिथे काहीच आठवेना, म्हणून मी पर्समधून डायरी काढून त्यांच्यापुढे ठेवली, मागच्या पानावर उघडून.

त्यांनी घाई केली नाही. एकेक ओळ बोट ठेवून वाचली. मग एका जागी थांबल्या.

"हे छाती म्हणजे, छातीत दुखायचं का तुमच्या?"

"नाही, मारुतीची छाती," मी म्हटलं. "तुम्ही नाशिकच्या नाही का?"

"सोलापूरची. चारच महिने झाले इथे येऊन."

मी खुर्ची थोडी पुढे घेतली. "मग आधी तुम्हाला दुतोंड्या मारुती सांगते," म्हटलं, आणि सांगायला लागले.